एका निळीच्या किती तांबड्या

भांडण मी सुरू केलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यात हात माझा होता, शाई माझी होती, खळ माझी होती आणि शिडीवरून घसरलेला पायही माझाच होता. पण सुरुवात फोनवर झाली आणि ती पलीकडून झाली. पलीकडून म्हणजे नदीच्या पलीकडून. आमच्या गावातला पूल ओलांडला की दुसरा देश लागतो. तिथली नोट निळी, आमची तांबडी. दोन्ही नोटांना आपापल्या सरकारांनी भारदस्त नावं दिली आहेत, पण ती नोटांवर छापण्यापुरतीच. बाजारात, घरात आणि मला वाटतं अर्थमंत्र्यांच्या स्वयंपाकघरातसुद्धा त्यांना तांबडी आणि निळीच म्हणतात.

आमची एकुलती एक लेक पलीकडच्या इस्पितळात रक्त तपासते. तिथेच एक्स-रे काढणाऱ्या एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलगा चांगला आहे, म्हणजे आमच्या घरी आला की उरलेलं सगळं खाऊन जातो. त्याच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान. या होणाऱ्या व्याह्यांचा पहिला फोन आला, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलो होतो, यावरून माझी नियत लक्षात यावी. हवापाणी झालं, एकमेकांचे गुडघे विचारून झाले, आणि मग लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला. मी रीतसर म्हटलं, की अर्धा खर्च आमचा. त्यावर ते हसले. चांगले मनापासून हसले आणि म्हणाले, "अहो, तांबडीत कसला अर्धा करताय? घरातून निघताना अर्धा असला तरी पूल ओलांडेपर्यंत त्याचा पाव होईल. राहू द्या, आम्ही बघतो."

मी फोन ठेवला. 'ठेवला' हा शब्द माझा. बायको 'आपटला' म्हणते, आणि शेजारचे मास्तर म्हणतात की त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ त्या आवाजाने थांबलं. मास्तर चाळीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले असल्यामुळे कुठल्याही गोष्टीला मोठं कारण असल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घड्याळाला किल्ली दिली नव्हती, एवढंच झालं होतं.

महिनाभर दोन्ही घरांत बोलणं बंद. मग एका रविवारी लेक आली. आल्या आल्या चहा न घेता समोर बसली. तिने आवाज चढवला नाही. लहानपणापासून ती रागावली की हळू बोलते. म्हणाली, "बाबा, पूल ओलांडून जायचं आणि मग आयुष्यभर दोन्हीकडे तोंड चुकवत राहायचं, असलं लग्न मला नको. पुढच्या महिन्यात ते सगळे इथे येतील. तुम्ही दोघं एका खोलीत न भांडता बसलात तर तारीख ठरवू. नाही बसलात तर विषय संपला, मी त्यालाही सांगितलंय."

ती गेल्यावर बायको भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. मग बायको म्हणाली, की माणसाने एखाद्या दिवशी नुसतं गप्प बसायला काय हरकत आहे. मी म्हटलं, गप्प बसायला माझी अजिबात हरकत नाही, फक्त त्याआधी तांबडीची बाजू एकदा पुराव्यानिशी मांडली पाहिजे. माणूस जातो, अब्रू राहते. बायको म्हणाली, की लेक जाईल आणि अब्रू घेऊन बसा. पण तोपर्यंत माझ्या डोक्यात कल्पना शिरलेली होती, आणि रिकाम्या जागेत शिरलेली गोष्ट सहसा लवकर बाहेर पडत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

कल्पना अशी. माझे वडील नेहमी सांगायचे, की त्यांच्या तरुणपणी एका तांबडीला तीन निळ्या मिळायच्या. म्हणजे आज अकरा तांबड्या मोजल्याशिवाय जी बाई तोंड दाखवत नाही, ती निळी त्या काळी आमच्या दारात तिप्पट संख्येने उभी असायची. हे जर सिद्ध करता आलं तर? दोन्ही नोटांचे गेल्या शंभर वर्षांचे भाव मिळवायचे, त्यांचा एक मोठा तक्ता काढायचा, तो दिवाणखान्यात लावायचा आणि व्याही आले की तोंडातून चकार शब्द न काढता त्यांना त्यासमोर बसवायचं. भांडायचं नाही ही लेकीची अट, ती शब्दशः पाळली जाणार होती. भांडणार होता तो तक्ता.

भाव मिळतात सांख्यिकी कार्यालयात. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी मला एक अर्ज दिला. त्यात 'प्रयोजन' असा रकाना होता. मी लिहिलं, 'घरगुती'. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं, की घरगुती असं प्रयोजन नसतं. प्रयोजनं तीन, व्यापार, न्यायालय आणि संशोधन. मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे. त्या म्हणाल्या, मग अभिनंदन, पण ते या तिन्हींत बसत नाही. मी 'संशोधन' निवडलं. मग संशोधन करणाऱ्या संस्थेचं पत्र लागेल असं निघालं. अर्ज परत देताना बाईंनी त्यावर शिक्का मारला, 'कागदपत्रे अपुरी'.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी विमा कचेरीत दाव्यांच्या विभागात आहे. गेली तीस वर्षं तो शिक्का मी इतरांच्या कागदांवर मारत आलो आहे. तो आपल्या कागदावर उमटताना कसा आवाज होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आवाज चांगला नसतो.

मी सभासद असलेली जगातली एकमेव संस्था म्हणजे आमच्या इमारतीची सोसायटी. सचिवांना पत्र मागितलं. सचिव निवृत्त स्टेशनमास्तर आहेत आणि हिरवा कंदील दाखवल्याशिवाय त्यांच्याकडून काही सुटत नाही. ते म्हणाले, पत्राला ठराव लागतो, ठरावाला सभा लागते. सभा भरली. तीत एकाने विचारलं, की संशोधन सोसायटीच्या नावावर होणार तर त्यातून सोसायटीला काय मिळणार. दुसऱ्याने विचारलं, तक्ता जिन्यात का लावू नये. शेजारच्या मास्तरांनी उभं राहून अर्धा तास दोन्ही देशांचा इतिहास सांगितला आणि शेवटी अशी दुरुस्ती सुचवली, की तक्ता 'संपूर्ण' असावा, सोयीची वर्षं तेवढी निवडू नयेत. अर्धा इतिहास लावणारा माणूस पूर्ण खोटा असतो, असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता.

सभा पुन्हा भरवायची तर चहाचा खर्च येतो, म्हणून सचिवांनी गच्चीवरच्या टाकीच्या गळतीचा ठरावही त्याच कागदावर उरकला. त्यामुळे सांख्यिकी कार्यालयाकडे जे पत्र गेलं त्यात 'दोन चलनांचे शंभर वर्षांचे विनिमय दर व टाकीची गळती' अशी मागणी होती. आठवड्याने उत्तर आलं. गळती हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नसल्याने संपूर्ण अर्ज परत करण्यात येत आहे. खाली तोच शिक्का. मी पुन्हा सचिवांकडे, सचिव पुन्हा ठरावाकडे. एकदा मंजूर झालेली गळती रद्द करायला पुन्हा सभा घ्यावी लागली.

शेवटी आकडे आले, तेव्हा त्यांचा गठ्ठा मी घरी छातीशी धरून आणला. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि वडिलांचं वर्ष शोधून काढलं. वडील खरं बोलत होते. पलीकडे कथलाच्या खाणी होत्या, त्यांचा सगळा डोलारा कथलावर उभा होता. एका वर्षी जगभर कथलाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर निळी कोसळली. वर्षभर आणि वर थोडे दिवस, एका तांबडीला तीन निळ्या. मी बायकोला हाक मारली आणि तो आकडा दाखवला. ती म्हणाली, वा, तुमचे वडील म्हणजे शब्दाचे पक्के. मला जरा भरून आलं, कारण वडिलांच्या हयातीत या गोष्टीवर घरात कोणीच विश्वास ठेवला नव्हता, आणि कोणीच म्हणजे मीसुद्धा.

मग मी काम सुरू केलं. एका निळीला किती तांबड्या, असा भाव धरायचा आणि एका तांबडीला एक बोट उंची. जितक्या तांबड्या तितकी बोटं. टेबलाच्या उंचीवर एक आडवी रेघ मारून पहिले कागद चिकटवले. सुरुवातीची वर्षं फार सुरेख गेली. दोन बोटं, दोन बोटं, पुन्हा दोन बोटं. मध्ये वीस वर्षं दोन्ही सरकारांनी भाव बांधून ठेवला होता, तिथे रेघ इतकी सरळ आली की आकडे लिहिणारा कारकून मध्येच झोपला असावा अशी मला शंका आली. मास्तर रोज संध्याकाळी येऊन खुर्चीत बसत आणि त्या सरळ रेघेमागची खरी भानगड समजावत. सरकारी भाव एक होता, पुलाखाली दुसराच होता, आणि खरा इतिहास पुलाखालीच घडतो, असं त्यांचं मत. मी पुलाखालची रेघही तुटक काढली. सचिवही एकदा येऊन गेले. त्यांना ती रुळांसारखी समांतर रेघ फार आवडली.

आणि मग आली धरणाची वर्षं. तुम्हाला आठवत असतील. आमच्या सरकारने मोठं धरण बांधायला काढलं आणि पैसे कमी पडले म्हणून नोटा छापल्या. धरण अर्धंच झालं, नोटा मात्र पूर्ण झाल्या. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. दुकानात डावा बूट घालून बघेपर्यंत उजव्याचा भाव बदलायचा, हे मी विसरलेलो नव्हतो. पण आठवण वेगळी आणि बोटं वेगळी. आकडा पंधरा झाला, चाळीस झाला, नव्वद झाला. मी कागदावर कागद वर चिकटवत होतो. रेघ कपाटाच्या वर गेली, घड्याळाच्या वर गेली. पुढचा आकडा तीनशेच्या वर होता आणि छत तर समोर दिसत होतं.

मी मास्तरांना विचारलं, की ही दोन-तीन वर्षं गाळली तर. मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी ठरावातला शब्द बोट ठेवून वाचून दाखवला, 'संपूर्ण'. मग ते जरा मऊ झाले आणि त्यांनी उपाय सुचवला, की टेबलाच्या उंचीवरची रेघ खाली जमिनीपर्यंत उतरवावी, म्हणजे वर जागा होईल. सगळे कागद सोडवून, या वेळी जास्त घट्ट खळीने, पुन्हा खाली लावले. तरी रेघ छताला लागलीच. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते पाहायला आले आणि म्हणाले, लागलं तर पुढचा भाग माझ्या दवाखान्यात चालू ठेवा, पेशंटना तेवढंच वर बघायला काहीतरी होईल. मी नम्रपणे नकार दिला आणि रेघ छतावर वळवली. ती दिव्यापर्यंत गेली. तिथे सरकारने शेवटी नोटेवरची दोन शून्यं खोडली आणि भाव पुन्हा तीन बोटांवर, म्हणजे जमिनीवर, आला. मीही त्याच सुमारास शिडीवरून जमिनीवर आलो. घोटा मुरगळला, खळीचं भांडं उपडं झालं, आणि बायकोने मला उचलण्याआधी जमीन पुसली. पण तिचीही बाजू आहे, खळ वाळली की निघत नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तक्ता पुरा झाला. मी पाय ताणून बसलो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पहिल्यांदा सगळं एकत्र पाहिलं. समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत आणि तिथून डोक्यावर दिव्यापर्यंत आमच्या तांबडीची अब्रू लटकत होती. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते वडिलांचं वर्ष? एक निळी म्हणजे तेव्हा एक तृतीयांश तांबडी. एक तृतीयांश बोट. ते जमिनीलगत, खुर्चीच्या पायामागे, मुंगी बसल्याएवढं दिसत होतं. आमचं वैभव पाहायला पाहुण्यांना गुडघे टेकावे लागणार होते. मी घाईघाईने तिथे हातभर लांबीचा लाल बाण काढला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पाहा!' आणि खाली टेकायला एक उशी ठेवली.

बायको दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, "उलटं काढलं असतं तर?"

मी विचारलं, उलटं म्हणजे. ती म्हणाली, "एका निळीच्या किती तांबड्या, हे काढलंत म्हणून छताला गेलं. एका तांबडीच्या किती निळ्या, हे काढायचं. मग पडून पडून पडणार किती? शून्याच्या खाली तर जायचं नाही. तळाशी पडून राहिली असती रेघ, कोणाच्या नजरेला आली नसती. आणि मामंजींचं वर्ष सगळ्यांत उंच. एका कागदात मावलं असतं सगळं."

मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसून राहिलो. इतके दिवस कुठे होतीस, असं विचारणार होतो, पण ती स्वयंपाकघरात होती हे मला ठाऊक होतं, कारण दिवाणखान्यात तिला बसायला जागाच ठेवली नव्हती. कागद ओढून पाहिला, तर भिंतीचा पोपडा हातात आला. खळ उत्तम झाली होती. आता काही होण्यासारखं नव्हतं. लेकीला फोन करून भेट पुढे ढकलावी असं मनात आलं, पण तिच्या त्या हळू आवाजाची मला भीती वाटली. जेवताना बायकोला म्हटलं, की माझ्यामुळे पोरीचं मोडलं तर मी काय करू. ती म्हणाली, जेवा आधी.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना बायकोने दुपारपुरतं त्यांच्याच घरात राहायची विनंती केली होती. पाहुणे वेळेवर आले. पुढे आमची लेक, मागे मुलगा, त्याची आई आणि सर्वांत शेवटी व्याही. फोनवरच्या हसण्यावरून मी त्यांना दांडगे समजलो होतो. प्रत्यक्षात बारीक, नीटनेटका माणूस, खिशात दोन चष्मे आणि काखेत कागदाची एक गुंडाळी. नमस्कार झाले. लेकीने आत पाऊल टाकलं, भिंत पाहिली, छत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहाचं बघतो असं म्हणून आत जायला वळलो, तर बायको आधीच ट्रे घेऊन बाहेर आलेली होती.

सगळे बसले. हवापाणी झालं. गुडघे विचारून झाले, माझा घोटाही विचारून झाला. मी मनात भाषण तयार केलं होतं, पण त्याचं पहिलं वाक्य 'तुम्ही फोनवर म्हणालात' असं होतं, आणि लेक सारखी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात व्याह्यांनी कप खाली ठेवला, जवळचा चष्मा लावला, उठले आणि सरळ जाऊन त्या उशीवर गुडघे टेकून बसले. मी म्हटलंही नव्हतं. बाणाशेजारी तोंड नेऊन त्यांनी ती मुंगीएवढी खाच वाचली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कथलाचं वर्ष. त्या वर्षी माझी आई रोज पूल ओलांडून तुमच्याकडे कपडे शिवायला यायची. संध्याकाळी एक तांबडी घेऊन परत आली, की आमचं घर दोन दिवस जेवायचं. इकडे कोणी तिला कमी लेखलं नाही, असं ती शेवटपर्यंत सांगायची."

माझ्या भाषणाची बाकीची वाक्यंही गेली. हातभर लाल बाणाखाली तो माणूस गुडघे टेकून बसला होता, आणि त्याला तिथे बसवायला मी महिनाभर राबलो होतो. मला इतकी लाज वाटली की मी पुढे होऊन त्यांना हात दिला आणि उठवलं.

उठल्यावर ते संकोचून म्हणाले, की मुलाने सांगितलं तुम्हाला या भावांचा फार नाद आहे, म्हणून मीही एक करून आणलंय, तुमच्याइतकं मोठं नाही. त्यांनी गुंडाळी टेबलावर सोडवली. एकच कागद. अक्षर बारीक आणि मोत्यासारखं. वर लिहिलं होतं, 'एका तांबडीच्या किती निळ्या'. मधोमध कथलाच्या वर्षाचं शिखर, कागदाच्या वरच्या काठाला टेकलेलं, आणि त्याभोवती त्यांनी पिवळ्या शाईने छोटीशी चौकट काढली होती. स्वतःच्या देशाचं सर्वांत वाईट वर्ष या माणसाने पिवळ्या चौकटीत घालून माझ्या घरी आणलं होतं.

मी रेघ पुढे बघत गेलो. एका ठिकाणी कागद जोडलेला होता. कात्रीने उभा कापलेला, मधला तुकडा काढलेला, आणि दोन्ही कडा चिकटवलेल्या. वर्षं वाचली. धरणाची वर्षं तेवढी नव्हती. लेकही माझ्या खांद्यावरून वाकून तेच बघत होती. तिला काही बोलू देण्याआधीच मी विचारून बसलो, "इथे जोड आहे का हो?"

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "हो," ते म्हणाले. "ती वर्षं काढायला जागा पुरेना."

आदल्या दिवशी बायकोने मला समजावलं नसतं, तर मी ते खरं मानलं असतं. त्यांच्या पद्धतीने काढलेल्या रेघेला त्या वर्षांत काडीइतकीही जागा लागत नाही. ती तळाला पडून राहते. तळाशी हवी तेवढी जागा मोकळी होती. मी बायकोकडे पाहिलं. तिने ओठांवर पदर धरला होता आणि तिचे डोळे भरले होते. जन्मभर लोकांचे कागद तपासून मी खोटं पकडत आलो, पण एवढ्या प्रेमाने सांगितलेलं खोटं माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

"कागदांचं असंच असतं," मी म्हटलं. "आमचा तर बघा ना, छताला लागला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आल्यापासून या माणसाने एकदाही मान वर केलेली नाही. बसताना, चहा घेताना, उशीवरून उठतानासुद्धा त्यांची नजर खांद्याच्या वर गेली नव्हती. आता मीच म्हटल्यावर त्यांनी हळूच वर पाहिलं. भिंतीवरून, कपाटावरून, घड्याळावरून त्यांची नजर चढत चढत दिव्यापर्यंत गेली आणि तिथून परत माझ्यावर आली. लोकांना लांबचं दिसावं म्हणून आयुष्य घालवलेला माणूस. "लागला होय?" ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही."

लेकीने विचारलं, तारखेचं काय करायचं. मी म्हटलं, ते म्हणतील ती.